अंश पुसलेला ड्रायव्हर

जयसिंगपुरात वाट चुकायची म्हटलं तर माणसाला मुद्दाम खटपट करावी लागते. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं हे गाव वसवलं, ते आधी कागदावर आखून मग जमिनीवर. रस्ते सरळ, गल्ल्या सरळ, रस्ता गल्लीला भेटतो तो काटकोनात. शिरोळ, कुरुंदवाड, उदगाव ही शेजारची गावं आपापल्या मर्जीनं वळत वाढली. आम्ही नंबरानं वाढलो. मिरज-कोल्हापूर गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला गल्लीचा नंबर सांगितला की तो घरी पोचतो, आणि नको असलेला पाहुणासुद्धा पोचतो, ही या आखणीतली एकमेव खोट.

अशा नव्वद अंशांच्या गावात दिवाळीच्या तोंडावर एक कललेली वस्तू आली. ती नेमकी किती अंश कललेली आहे, या एका प्रश्नानं आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जाणत्या माणसांची दुपारची झोप घालवली.

वस्तू म्हणजे गोल्फचा ड्रायव्हर. आणणारे आमचे मेहुणे. ते पुण्यात असतात आणि गेली काही वर्षं गोल्फ खेळतात. का खेळतात ते विचारू नये. वरचा साहेब खेळतो, आणि साहेब चालत असताना त्याच्या शेजारी चालण्यात बढती असते, असा माझा अंदाज. त्यांनी हा ड्रायव्हर कुणाकडून तरी सेकंडहँड, स्वस्तात घेतला होता. स्वस्त का, ते घरी आल्यावर उलटा करून पाहिला तेव्हा कळलं. तळाला कंपनीचा छाप होता, दांड्यावर पट्टे होते, पण जिथं अंशांचा आकडा असायला हवा तिथं काहीच नव्हतं.

"दाजी," मेहुणे म्हणाले, "तुमच्याकडे कारागीर माणसं आहेत. याचा लॉफ्ट काढून द्या. पुण्यात विचारायला गेलं की आधी नवा घ्या म्हणतात."

लॉफ्टची गोष्ट थोडक्यात अशी. गोल्फवाल्याला पिशवीत चौदा काठ्या नेता येतात. त्यातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात दांडग्या डोक्याची काठी ती ड्रायव्हर. डोकं आतून पोकळ, बहुतेक टायटॅनियमचं. ते ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही आणि काठी ४८ इंचांपेक्षा लांब चालत नाही. डोक्याची जी बाजू चेंडूवर आपटते ती उभी सरळ नसते, जराशी मागं रेललेली असते. किती रेललेली, तो लॉफ्ट. ड्रायव्हरला साधारण ८ ते १३ अंश. दुकानात मांडलेले असतात त्यांत ९, १०.५ आणि १२ जास्त. चेंडू पंचेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅमचा. अंश कमी पडले तर तो जमिनीलगत सरपटत जातो, जास्त झाले तर उंच चढतो आणि तिथंच वेळ काढून खाली येतो. ज्याचा हात चपळ त्याला कमी अंश पुरतात, ज्याचा हात सावकाश त्याला जास्त लागतात. म्हणजे हा आकडा काठीचा असला तरी त्यात वय, पोट आणि कंबर यांचा हिशेब धरलेला असतो, म्हणूनच खेळणारे त्याबाबत हळवे असतात.

आकडा नसलेले ड्रायव्हर जगात बरेच आहेत. सुट्या भागांतून जोडलेली डोकी कधी कधी बिननंबरीच निघतात. पूर्वी ड्रायव्हर लाकडाचे असत, तेव्हा त्यांच्या तळाला नुसता १ कोरलेला असे आणि पुढचं मालकानं समजून घ्यायचं. आता मात्र आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम सांभाळणाऱ्या संस्था चालणाऱ्या डोक्यांची यादी ठेवतात आणि तीत मॉडेलच्या नावापुढं अंश लिहिलेले असतात. त्यामुळे आमच्या मेहुण्यांचा ड्रायव्हर सातबारा नसलेल्या जमिनीसारखा झाला होता: ताबा होता, कसता येत होती, पण चारचौघांत दाखवायची सोय नव्हती.

गोल्फ आमच्या गल्लीला अगदीच परका नाही. कलकत्त्यात १८२९ पासून गोल्फ क्लब आहे, ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सगळ्यात जुना, वगैरे माहिती आम्हाला असण्याचं कारण नव्हतं. पण टोकियो ऑलिंपिकात पुण्याचा उदयन माने उतरला तेव्हा माने कुठले यावर चर्चा झाली होती, आणि अदिती अशोक एका फटक्यानं पदक हुकून चौथी आली त्या दिवशी अर्धी गल्ली पहाटे उठून टीव्हीपुढं बसली होती. नियम एकालाही ठाऊक नव्हते. तरी चेंडू भोकाच्या कडेवरून गेला की सगळे एका सुरात "आरारारा" म्हणत होते.

ड्रायव्हर ओसरीवर ठेवला त्या संध्याकाळी त्याचे उपयोग सुचवले गेले. रात्री कुत्री हाकायला. आईनं तो उचलून तोलला आणि माळ्यावरची जळमटं काढायला लांबी बरी आहे म्हणाली, फक्त पुढं फडकं बांधावं लागेल. मेहुण्यांनी तो तिच्या हातातून हलकेच काढून घेतला.

पहिला प्रयत्न पुतण्यानं केला. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्यानं आधी मोबाईल काढला. मोबाईलमध्ये उतार मोजायची सोय असते. ड्रायव्हर फरशीवर टेकवायचा, मोबाईल त्याच्या तोंडावर चिकटवायचा, आकडा वाचायचा. मोबाईलनं नऊ सांगितलं. मेहुण्यांचा चेहरा फुलला. मोबाईल जरा वर सरकला तर अकरा. आणखी वर, तेरा. खाली आणला तर आठ.

यात मोबाईलचा दोष नव्हता. ड्रायव्हरचं तोंड सपाट नसतंच. ते डावी-उजवीकडे फुगीर असतं आणि वर-खालीही. वर-खाली जी गोलाई असते तिची त्रिज्या दहा-बारा इंच धरली, तर एक सेंटिमीटर वर सरकलं की अंश साधारण दोननं वाढतात. फुगीर तोंडावर सपाट मोबाईल डुलणार नाही तर काय करेल? लॉफ्ट म्हणून जो आकडा सांगतात तो तोंडाच्या ऐन मध्यावरचा. वरचा नाही, खालचा नाही.

दुसरी अडचण फरशीची. आमच्या फरशीचा ढाळ मोरीकडे आहे की दाराकडे, यावर घर बांधल्यापासून घरात एकमत नाही. पाणी सांडलं की ते दोन्ही पक्षांना थोडं थोडं खूश करतं. आणि फरशी पाणसळीत असती तरी उपयोग नव्हता, कारण ड्रायव्हरचा तळही गोलसर असतो. टेकवला की तो आपल्या मनानं उजवीकडे नाही तर डावीकडे तोंड वळवून बसतो, आणि तोंड वळलं की अंश बदलतात. डावीकडे वळला तर कमी होतात, उजवीकडे वळला तर वाढतात. खरा लॉफ्ट काढायचा तर डोकं जमिनीवर टेकवून चालत नाही. दांडा धरायचा, तोंड निशाणाकडे सरळ करायचं, आणि मग दांड्याच्या हिशेबानं कोन मोजायचा. हे पुतण्याला कळेपर्यंत मोबाईलची बॅटरी गेली.

कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. त्यानं गुण्या लावून पाहिला, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, "गुण्यात न्हाई." हे आम्हाला ठाऊक होतं. किती नाही, ते हवं होतं. "आमचं काम नव्वद आणि पंचेचाळीसचं," तो म्हणाला. "मधलं सगळं पाचर मारून." आणि चहा पिऊन गेला.

मग आप्पा आले.

आप्पांबद्दल जरा सांगायला हवं. आप्पांना उभा ऊस बघून एकरी किती टन पडेल ते सांगता येतं. ट्रॉली रस्त्यानं जाताना दिसली की ते टनेज सांगतात, मागून चालकाला थांबवून काट्याची पावती मागतात, आणि आकडे जुळले नाहीत तर काटा चुकलेला असतो. आप्पा चुकल्याची गावात नोंद नाही. या भागात उसाचा काटा हा विषय असा आहे की त्यावर लग्नं मोडली नसतील, पण लग्नात जेवणाच्या पंगती मोडल्या आहेत. कारखान्याच्या काट्यावर माल घालायच्या आधी बाहेरच्या वजनकाट्यावर करून घ्यायची रीत त्यातूनच आली. छापील आकडा समोर आला की आमचा माणूस आधी तो कुणी छापला ते विचारतो.

आणि आकडे तरी कसे! दरवर्षी गाळपाचा हंगाम जवळ आला की राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद इथल्या विक्रमसिंह मैदानावर भरते. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली, बिल्ले, शिट्ट्या. तिथं भाषणं ऐकणाऱ्या माणसाला दशांश चिन्ह म्हणजे काय हे शाळेत शिकवावं लागत नाही. उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, ठरतो तो साखरेच्या उताऱ्यावर, ज्याला सगळे रिकव्हरी म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामाला सरकारनं १०.२५ टक्के बेस रिकव्हरीला क्विंटलमागं ३४० रुपये दर धरला होता. त्याच्यावर रिकव्हरी गेली तर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त, खाली आली तर तितकेच कमी. म्हणजे टनाला, एका पॉइंटमागं, तेहतीस रुपये वीस पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे तीन हजार तीनशे वीस रुपये त्या एका ठिपक्यानंतरच्या आकड्यात होते. इथला माणूस पाढे विसरेल, पोराची जन्मतारीख विसरेल. सव्वादहा विसरणार नाही.

तर आप्पा आले, त्यांनी ड्रायव्हर हातात घेतला, बॅटसारखा नव्हे तर मेहुण्यांनी दाखवला तसा धरला, डोकं खाली टेकवलं आणि वरून बघितलं. कसलेले गोल्फवाले असंच बघतात म्हणे. वरून पाहताना तोंडाची पट्टी किती दिसते यावरून अंदाज बांधतात. आप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

"साडेदहा," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "पर कारखान्याला घातला तर साडेनऊच भरंल."

मेहुणे हसले. आप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. शेडमध्ये तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास, खाली बिडाचा चुरा, भिंतीवर अंबाबाईचं कॅलेंडर. मिस्त्री काठी बघून गोंधळले नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या फौंड्र्यांचं काम ज्यानं आयुष्यभर केलंय त्याच्या हातात कुठल्याही देशाची, कुठल्याही आकाराची वस्तू आली तरी त्याचा प्रश्न एकच असतो: टॉलरन्स किती?

"म्हणजे?" मेहुण्यांनी विचारलं.

"किती इकडं-तिकडं चालतंय?"

मेहुण्यांना ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना त्यातच उत्तर मिळालं असावं.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. मिस्त्रींनी दांडा व्ही ब्लॉकमध्ये धरला, डोकं अधांतरी. छताच्या अँगलला ओळंबा बांधला आणि बाजूनं बघत दांडा हळूहळू फिरवत, सरकवत दोरीच्या रेषेत आणला. समोरून पाहिलं तर दांडा तिरकाच होता. तो तिरकेपणा वेगळा, त्याला लाय म्हणतात, ड्रायव्हरला छप्पन ते साठ अंशांच्या घरात असतो. तो त्यांनी मुद्दाम तसाच राहू दिला. बाजूनं मात्र दोरी आणि दांडा एक दिसायला लागले. मग एक पोलादी पट्टी तोंडावर आडवी ठेवली. तोंड फुगीर, त्यामुळे पट्टी मध्यावर टेकली आणि दोन्ही टोकं सुटी राहिली. "दोन्हीकडं सारखी डुलली पाहिजे," ते म्हणाले, आणि ती दोन्हीकडे सारखी डुलेपर्यंत त्यांनी डोकं केसाकेसानं वळवलं. आता तोंड सरळ झालं. मोबाईलला जे सांगता येत नव्हतं ते पट्टीनं हलून सांगितलं.

मग तोंडाच्या मध्यावर खडूनं टिंब. टिंबाच्या वर पंधरा मिलिमीटर, खाली पंधरा मिलिमीटर, अशा दोन खुणा. गोलाई दोन्ही बाजूंना सारखी असते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या खुणेतून जाणारी रेषा मधल्या टिंबावरचाच कोन सांगते. मधे जे फुगलंय ते फुगू दे. समोर गुण्या उभा केला आणि व्हर्नियरनं गुण्यापासून खालच्या खुणेपर्यंतचं अंतर घेतलं, मग वरच्या खुणेपर्यंतचं. दोन्हींमधला फरक निघाला ५.४२ मिलिमीटर. तो तीसनं भागायचा आणि कॅल्क्युलेटरवर टॅन उलटा करायचा.

याच जागी ९ अंशांचा ड्रायव्हर असता तर फरक पावणेपाच मिलिमीटर आला असता, १०.५ चा असता तर साधारण साडेपाच. दुकानात ज्या दोन अंशांसाठी गिऱ्हाईक तासभर घोळ घालतं त्यांच्यात फरक पाऊण मिलिमीटरचा. मिस्त्रींना पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार होतो, पण त्यांनी आधीच चष्मा काढून पुसला होता आणि पुन्हा एकदा मोजत होते. पुन्हा ५.४२.

"दहा पॉइंट चोवीस," पुतण्या म्हणाला.

"सव्वादहा धरा," मिस्त्री म्हणाले.

शेडमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. मग आप्पा एवढ्या मोठ्यानं "बेस रिकव्हरी!" म्हणाले की लेथवरचा पोऱ्या मशिन बंद करून बघायला आला.

ड्रायव्हर मारून बघायलाच हवा होता. आप्पांच्या तुटलेल्या फडात, पाचटात, मेहुण्यांनी एक चेंडू मांडला. पहिला फटका ढेकळाला बसला. दुसरा चेंडूला लागला. तो चांगला उंच गेला, सगळ्यांनी मान वर केली, आणि शेजाऱ्याच्या उभ्या उसात उतरला. आडसाली आहे, जानेवारीत तोड आहे. तोपर्यंत त्या चेंडूची चौकशी करण्यात अर्थ नाही. "दोन एकर गेला," एक जण म्हणाला. गोल्फमध्ये अंतर यार्डात मोजतात हे मेहुण्यांनी समजावायचा प्रयत्न केला, पण एकर हे अंतर नसून क्षेत्र आहे एवढं मान्य करायलाही कुणी तयार नव्हतं.

संध्याकाळी मेहुणे जरा गप्प होते. मला वाटलं दमले असतील. पण ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाजी, सव्वादहा नक्की ना?"

"मिस्त्रींनी दोनदा मोजलंय."

"नाही, तसं नाही. पण साहेबांचा नऊचा आहे."

आणि मग जे कळलं त्यानं माझी गोल्फबद्दलची आपुलकी एकदम वाढली. काठ्या बांधणारे जाणकार सांगतात की ड्रायव्हरवर छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत अंशभराचा फरक सर्रास असतो. थोडा बनवताना होतो, आणि थोडा करतात. कारण कमी अंशांचा ड्रायव्हर हा मर्दानी समजतात. बारा अंशांनी ज्याचं भलं होईल तो गडी बाराचा ड्रायव्हर हातात घ्यायला लाजतो. मग कंपनी साडेअकराच्या डोक्यावर साडेदहा छापते. गिऱ्हाईकाचा मान राहतो, चेंडूही हवेत राहतो आणि कुणी मोजत नाही. इतक्या लांबच्या, इतक्या महागड्या, इतक्या हिरव्यागार खेळातही छापील आकड्याची हीच कथा निघावी, हे मी आप्पांना सांगितलं. आप्पांना आश्चर्य वाटलं नाही. काटा आहे तिथं हे आलंच, असं काहीतरी ते पुटपुटले.

"मिस्त्री नंबर कोरून देतात का?" मेहुण्यांनी विचारलं. "रिकामं बरं दिसत नाही. नऊ कोरलं तर?"

निघायच्या आधी आम्ही पुन्हा शेडमध्ये. मिस्त्रींनी कोरायचं पेन काढलं, ड्रायव्हर उलटा केला, तळाची रिकामी जागा फडक्यानं पुसली. नऊ हा शब्द ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्वतः दोनदा मोजलेल्या मालावर दुसराच आकडा घालायचा, ही त्यांच्या धंद्यात न बसणारी गोष्ट. पण गिऱ्हाईक पाहुणा होता आणि पाहुणा माझा होता.

"नऊ न्हाई चालायचं," दारातून आवाज आला. आप्पा चप्पल काढत होते.

"का?" मेहुणे.

"साडेनऊच्या खाली सरकार बी जात न्हाई. रिकव्हरी कितीबी पडू दे, साडेनऊला दर थांबतोय. कायदाच हाय." ते खरंच आहे: साडेनऊच्या खाली उतारा आला तरी दर आणखी कापत नाहीत, त्या हंगामात तो ३१५ रुपये १० पैशांवर थांबत होता. यावर पुण्याहून आलेल्या माणसाकडे उत्तर नव्हतं. मिस्त्रींनाही नऊपेक्षा साडेनऊ कोरायला कमी वाईट वाटलं असावं, त्यांनी लगेच पेन चालू केलं. घर्रर्र आवाज झाला, टायटॅनियमचा बारीक भुगा उडाला, आणि तळाला ९.५ उमटलं. अक्षर छापल्यासारखं सुबक.

आप्पा तोवर बोटांवर हिशेब करत होते. सव्वादहातून साडेनऊ गेले, पाऊण. म्हणजे साडेसात पॉइंट. गुणिले तेहतीस रुपये वीस पैसे.

"टनाला दोनशे एकोणपन्नास रुपये गेले पाहुण्यांचे," त्यांनी जाहीर केलं, आणि मिस्त्रींकडे वळून विचारलं, "पावती कितीची फाडताय? सव्वादहाची का साडेनऊची?"